भिंत दिसेनाशी झाली

माझे पाय घोट्याखाली मेले होते. वर्षभर मी ते कुणाला कळू दिलं नाही. त्या दिवशी सकाळी चहाच्या सुट्टीत कत्तलखान्याच्या कपडे बदलायच्या खोलीत बूट काढला आणि मोजा रक्ताने भिजलेला निघाला. बुटात हाडाची कपची. पाळी सुरू झाल्यापासून मी तिच्यावर उभा होतो.

कामावर माझ्या शेजारीच उभा राहणाऱ्या धाकट्या भावाने पाहिलं. "दादा, तुला कळलंसुद्धा नाही?"

"तुझ्या बापाचं काय जातं?"

"बाप एकच आहे आपला." त्याने माझी कॉलर धरली. "हातात सुरा असतो तुझ्या. आज मुकादमाला सांग, नाहीतर मी सांगतो."

मी ठोसा हाणला. त्याचा ओठ फुटला. त्याने मला लोखंडी कपाटावर आपटलं. चौघांनी सोडवलं. सांगितलं असतं तर संध्याकाळीच मला हाकललं असतं. वीस वर्षं मला एकच काम येतं. साखळीला टांगलेली जनावरं समोरून सरकतात, आपण जागेवर उभं राहून पोट फाडायचं.

उभं राहणं तुम्हाला सोपं वाटतं. शेजारची गाडी सुटली की आपलीच चालली असं वाटतं ना? मग बुडाखालची सीट सांगते, गप, तू हललेला नाहीस. मला हे सांगणारे पाय मुके झाले होते. म्हणून मी डोळ्यांनी उभा राहायचो. दोन धडांमधल्या फटीतून पलीकडची भिंत दिसायची. ती जागेवर, म्हणजे मी जागेवर.

दुपारी मुकादमाने साखळी जोरात सोडली आणि एकही हुक रिकामा ठेवला नाही. "हात चालवा रे! का पाळणा हलवू तुमचा?"

फट बुजली. भिंत गेली. समोर नुसतं लाल मांस, डावीकडून उजवीकडे धावणारं. मला वाटलं मीच डावीकडे कोसळतोय. कोसळत नव्हतो. पण सावरायला अंगातला सगळा जोर लावून उजवीकडे झेपावलो. उजवीकडे भाऊ होता. सुरा त्याच्या बरगडीखाली मुठीपर्यंत गेला.

तो ओरडला नाही. "दादा, सकाळचा राग?" एवढंच म्हणाला आणि माझ्या अंगावर ओकला. रक्त.

दवाखान्यात पोचेपर्यंत तो संपला. भावजय पोलिसाबरोबर आली. "चौघांनी पाहिलंय, भाऊजी. सकाळी तुम्हीच मारलंत ह्यांना."

"माझे पाय मेलेत गं. तोल गेला."

"आत्ता बरे मेले!"

मी तिच्यासमोर पाय जुळवून उभा राहिलो आणि डोळे मिटले. तीन आकडे मोजायच्या आत फरशीवर तोंडावर आपटलो. दोन दात पडले. पोलीस चपापला.

तिला पटलं. चेहऱ्यावरून दिसलं मला. आणि तिचा आवाज खाली आला.

"रागाने भोसकलं असतंत तर कधीतरी सोडूनही दिलं असतं. पण पाय मेलेत हे तुम्हाला माहीत होतं."

पोलिसाने मला उठवायला हात पुढे केला. तिने तो झटकला.

"राहू द्या. त्याचं त्याला उठू दे."