मोटारीचा कंडेन्सर

भर दुष्काळात पाणी सोसायटीच्या मोटारीचा कंडेन्सर चोरीला गेला, मोटार बंद पडली, आणि नेमका त्याच दिवशी मी तेलगावच्या बाजारात दुकानोदुकानी कंडेन्सर मागत फिरलो. गावाला एवढं पुरलं.

मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. गिटारचा आवाज खरखरीत करायची डबी घरीच जोडत होतो. जोडणीच्या नकाशात लिहिलेला कंडेन्सर कुठंच मिळाला नाही, म्हणून जुन्या रेडिओतला काढून बसवला.

चौथ्या दिवशी सोसायटीचे चेअरमन बबनराव माणसं घेऊन दारात आले. "कंडेन्सर दाव बे."

मी डबी उघडून हरभऱ्याएवढा दाणा दाखवला.

"आमचा पेल्याएवढा हाय. काहून येड्यात काढतो?"

"ह्यो आवाजाचा हाय. मोटारीला चालत न्हाई."

"मंग वाजवून दाव."

माझं डोकं फिरलं होतं. स्पीकर मोठा केला, पायानं डबी दाबली आणि जाड तार छेडली. घुंऽऽ करत घर भरून गेलं.

मागं रिकामा हंडा घेऊन उभी असलेली भिवराबाई पुढं आली. तिनं नीट कान दिला.

"आपलीच मोटार हाय," ती म्हणाली.