डबा रिकामा जात नाही

रविवारी भेटायला येणारे आईबाप दर खेपेला थोडे लहान होऊन येत. वसतिगृहात ही गोष्ट कुणी लपवत नसे आणि तिचा कुणी गाजावाजाही करत नसे. नवी मुलगी दाखल झाली की रेक्टर पाटणकरबाई तिच्या आईला सांगत, "साड्या जपून ठेवा. पुढं कापून कापून वापराव्या लागतात." आईला वाटे, बाई गंमत करताहेत. पाटणकरबाईंनी कुणाची गंमत केल्याचं मात्र आजवर कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

सुगंधा मोहिते नववीत गेली तेव्हा तिची आई तिच्या कमरेला लागत होती. हीच आई पहिल्या दिवशी तिला मनगटाला धरून फाटकातून आत घेऊन आली होती, आणि पकड अशी होती की संध्याकाळपर्यंत सुगंधाच्या हातावर वळ राहिला. पुढे मनगट आईच्या मुठीत मावेना, तेव्हा ती दोन बोटं धरू लागली. मग एकच बोट. आता नुसती करंगळी. हिरव्या साडीचा एक तुकडा ती अंगाभोवती गुंडाळून येई. उरलेल्या साडीची तिने घरी गोधडी शिवली होती.

सुगंधाचा सगळा जीव त्या करंगळीत होता. पालकाने हात धरून नेल्याशिवाय मुलगी बाहेर सोडायची नाही, असा फाटकावरचा नियम होता. तिथे चिठ्ठी चालत नसे, ओळख चालत नसे. वॉचमन ज्ञानूकाका कुणाच्या तोंडाकडे बघतच नसत, फक्त हाताकडे बघत. हातात हात दिसला की कडी काढत. म्हणजे आईच्या मुठीत आपलं बोट मावतंय तोवरच घरी जाता येणार, हे सुगंधाला कळून चुकलं होतं. आईला तेवढं कळत नव्हतं, किंवा कळून ती वेड पांघरत होती.

"दहावी हू दे सुगे. मग न्हेतेच की."

"तोवर तुझा हात केवढा राहील?"

"हाताचं काय घिऊन बसलीस? शिकलीस तर सुटशील."

कशातून सुटशील, ते आई सांगत नसे. सुगंधाला तर कशातूनच सुटायचं नव्हतं. तिला आपल्या घरी चुलीपुढे बसून चहाबरोबर शिळी भाकरी खायची होती, एवढंच. आठवडाभर ती बरी असे. वर्गात हात वर करी, पाढे म्हणे, मेसमधली पातळ आमटी भुरकून पिई. रविवार उजाडला की ती पहाटेपासून फाटकाशी जाऊन उभी राही.

शेजारच्या खाटेवरच्या फरीदा मुलाणीचे अब्बा मागच्या उन्हाळ्यात बसच्या कंडक्टरच्या खिशात बसून येत. कंडक्टर त्यांना चिमटीत धरून अलगद फरीदाच्या तळहातावर ठेवी. एका रविवारी त्याने खिशात हात घातला, चाचपलं, मग खिसा उलटा करून बाहेर काढला. फुटाण्यांची टरफलं खाली पडली.

"आल्यात तर," तो म्हणाला. "चढताना आवाज ऐकला मी. हितंच कुठंतरी असत्याल."

तेव्हापासून फरीदा कुठेही बसण्याआधी जमीन तळहाताने पुसून घेई. खाटेवर बसताना, मेसमध्ये, प्रार्थनेच्या सतरंजीवरसुद्धा. तिला कुणी हसत नसे. तिच्या ओळीतल्या मुली मुकाट्याने पाय उचलून धरत.

पाटणकरबाईंनी पालकांसाठीचे बाक काढून टाकले आणि तिथे पाट मांडले. मग पाटही उंच पडू लागले, तेव्हा व्हरांड्यात जेवणाची ताटं मांडली. ताटाला कड असते, माणूस घरंगळत नाही. मुली चपला बाहेर काढून ताटाभोवती उकिडव्या बसत आणि खालच्या आवाजात बोलत, कारण मोठ्याने बोललं की आईबाप मागे कलंडत. चार वाजता घंटा होई. घंटेनंतर पालकांना आत ठेवायला सक्त मनाई होती. त्यासाठी बाई स्वतः झाडू हातात घेऊन खोल्यांमधून फिरत, खाटांखालून, पेट्यांमागून. बाईंचा झाडू फार स्वच्छ चालतो, असं सगळे कौतुकाने म्हणत.

आईबरोबर डबा येई. तीन कप्प्यांचा, पितळेचा. आई लहान झाली तशी भाकरी लहान झाली. आधी पुरीएवढी, मग रुपयाएवढी, मग टिकलीएवढी. डबा मात्र होता तेवढाच राहिला. आईला तो उचलेना, म्हणून तो कंडक्टर आणी आणि परतही तोच नेई. डबा रिकामा परत द्यायचा नाही ही रीत सगळ्यांनाच ठाऊक होती. मुली मेसमधून चिमूटभर साखर मागून आणत आणि त्यात टाकत. कंडक्टर प्रत्येक डबा कानाशी नेऊन चांगला खुळखुळवून बघे. आत काही वाजलं तरच गाडीत ठेवी.

पावसाळ्यात एकदा आईने पुन्हा "दहावी हू दे" म्हटलं आणि सुगंधाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने डबा तसाच कोरडा परत दिला. कंडक्टरने तो हलवला आणि तिच्यापुढे धरला.

"रिकामा हाय पोरी. रिकामा मी न्हेत न्हाई."

गाडी खोळंबली. ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. सुगंधाने वाटेवरचा एक खडा उचलून डब्यात टाकला. तो खणखणीत वाजला आणि गाडी गेली.

पुढच्या रविवारी आई ताटात उभी होती, मिठाच्या वाटीएवढी.

"त्यो दगड कशाला घातलास गं?" ती म्हणाली. आवाज डासासारखा बारीक झाला होता. "लेकीनं काय धाडलं म्हून शिजवाय घातला. दोन सांजा चूल पेटती ठिवली. शिजंना बघ."

सुगंधाला रडू फुटलं. तिला आईची माफी मागायची होती, पण तोंड उघडलं की आई श्वासाने कलंडत होती. शेवटी तिने तोंडावर हात धरला आणि मान खाली केली. आई तिच्या वेणीला धरून वर चढली, खांद्यावर टेकली, आणि कमरेला खोचून आणलेला तेलाचा बोळा तिने लेकीच्या भांगात फिरवला. तेवढ्याशा तेलाने काय होणार? तरी त्या आठवड्यात सुगंधाने डोकं धुतलं नाही.

मग थंडी आली आणि एका रविवारी कंडक्टर नुसता डबा घेऊन आला. सुगंधाने फरीदासारखी जमीन पुसली, पायरी पुसली. मग डब्याचं झाकण काढलं. वरच्या कप्प्यात काही नव्हतं. मधल्यातही नव्हतं. खालच्या कप्प्यात, टिकलीएवढ्या भाकरीला टेकून, आई बसली होती. बोराच्या बीएवढी.

सुगंधाने डबा कानाशी नेला.

"काल तवा चढवाय गेले," आई म्हणाली, "तर तवा कुठाय त्येच दिसंना. लई मोठा झालाय. सुगे, चल. राहू दे दहावी. आजच न्हेते तुला."

इतकी वर्षं जे ऐकायला सुगंधा तरसली होती, ते आई अखेर बोलली होती. सुगंधाने पेटी उघडीच टाकली. चपला घातल्या नाहीत. आईला करंगळीच्या नखावर घेतलं, दुसऱ्या हातात डबा घेतला आणि ती फाटकाकडे निघाली. पळता येत नव्हतं. पळालं तर वारा लागला असता.

ज्ञानूकाकांनी हाताकडे बघितलं.

"पालकाचा हात?"

"हा काय. धरलाय तिने."

काका वाकले. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाकले. आईने करंगळीवरची बारीक लव दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. सुगंधाला ती पकड कळत होती. मनगटाला वळ उठवणारीच पकड होती ती, तसूभरही कमी नव्हती.

"मला दिसत न्हाई," काका म्हणाले.

"काका, ती ओरडतेय. ऐका ना."

काकांनी कान जवळ आणला. त्यांच्या कानाएवढी आई काहीतरी जिवाच्या आकांताने सांगत होती. छे, कानाएवढी कुठली. कानातल्या भिकबाळीच्या मोत्याएवढी.

"न्हाई बा," काका म्हणाले. "माझी नोकरी हाय पोरी. हात दिसल्याबिगर कडी काढता यायची न्हाई."

घंटा झाली. मागे व्हरांड्यात ताटं उचलल्याचा आवाज आला, आणि मग झाडूचा. पाटणकरबाई पहिल्या खोलीपासून सुरुवात करत होत्या. फरीदा खिडकीत उभी होती. तिने सुगंधाकडे बघून मान हलवली, आत आणू नकोस अशी.

फाटकाबाहेर बस घरघरत होती. कंडक्टरने गजांमधून हात आत घातला.

"डबा दे. उशीर झाला."

सुगंधाने डबा छातीशी धरला. करंगळीवर काहीतरी हललं. आईने लव सोडली होती. ती बोटावरून उतरून डब्याच्या कडेवर आली, साडीचा तुकडा तिने खोचला आणि पाय आत टाकला.

"आई, काय करतेस?"

सुगंधाने डोकं खाली नेलं.

"रिकामा कसा धाडायचा?" आई म्हणाली. "लोक काय म्हंत्याल? लाव झाकण. दहावी हू दे, मग न्हेतेच."

सुगंधाने झाकण लावलं. कडी बसवली. डबा तिने आडवा होऊ दिला नाही. गजांमधून तो सरळ धरून पलीकडे दिला.

"हलवू नका," ती म्हणाली. "आहे आत."

"बघतो की," कंडक्टर म्हणाला, आणि डबा कानाशी नेऊन त्याने तो नेहमीसारखा खुळखुळवला.