राहून गेलेलं चित्र

अनुपमाला बघायला तळेगाव ढमढेऱ्याहून पाहुणे येणार म्हटल्यावर आम्ही सकाळपासून घरातली कुस्ती लपवत होतो. पोरगी तालमीत नाव काढलेली पैलवान. अख्ख्या वडगाव रासाईला ठाऊक. पण मध्यस्थांनी तिकडं नुसतं कॉलेजला जाते एवढंच सांगितलेलं. गदा, ढाली, मेडलं, सगळं कांदाचाळीत गेलं. साळूबाईंनी, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, लेकीचा कुस्तीत सुजून गोळा झालेला कान केसांखाली झाकला आणि बजावलं, सुपारी फुटली की तालीम बंद. अनुपमानं मान खाली घातली. मला जाऊबाईंचा भयंकर राग आला, पण धाकट्या जावेच्या रागाला विचारतो कोण?

एक चित्र तेवढं भिंतीवर राहिलं. तालमीत आठवडाभर बसून गेलेल्या पुण्याच्या एका चित्रकार बाईंनी ते अनुपमाला दिलं होतं. कोळशाच्या चार-सहा जाड रेघा, तोंड नाही, हातपाय नाहीत, मध्ये नुसता गुंतावळा. यात पैलवान आहे असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं, म्हणून ते काढायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. उलट घराला तेवढीच शोभा.

पोहे झाले आणि मुलाच्या आईची नजर नेमकी तिथंच गेली. हे कशाचं चित्र, त्यांनी विचारलं. अनुपमाचे वडील, हौसराव भाऊजी, भीमेचा पूर म्हणून ठोकून मोकळे झाले. मुलाच्या मामांना त्यात बसलेला बैल दिसला. मुलगा म्हणाला, मॉडर्न आर्टमध्ये असंच असतं.

साळूबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी त्या चित्राकडं आज पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि त्या गुंतावळ्यावर त्यांचे डोळे थांबले. कान सुजला तेव्हा पोरीचं डोकं मांडीवर घेऊन रोज हळदीचा लेप त्यांनीच लावला होता. त्याचा प्रत्येक उंचवटा त्यांच्या बोटांना पाठ होता.

“पूर न्हाई आन् बैल बी न्हाई,” त्या म्हणाल्या. “कान हाय त्यो. माझ्या पोरीचा.”

भाऊजी खाकरले. जाऊबाईंनी ट्रे खाली ठेवला.

“कुस्ती खेळती ती. लग्नानंतर बी खेळंल. तुमाला पटलं तर बरंच हाय. न्हाई पटलं तरी च्या घिऊन जावा.”

अनुपमानं मान वर केली. मला रडूच आलं.

चहा सगळ्यांनी घेतला. तळेगावहून निरोप मात्र आला नाही. पाहुणे येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पोरगी अंथरुणात पडून होती, तर साळूबाईंनीच तिला हलवून तालमीला उठवलं.