सगळ्याच गव्हाळ

मोनिकाने मनवाच्या कपाळावर पट्टा चढवला, केस मागे सारले आणि हनुवटीवर गार जेल पसरलं. शेजारी स्टुलावर, मशीन चालवायला पुण्याहून आलेला धवल मांडीवर फॉर्म घेऊन बसला होता.

"रंग काय लिहू?" त्याने मान वर न करताच विचारलं.

"गव्हाळ," मनवा म्हणाली.

मोनिकाचा हात जेलमध्येच थांबला. मनवा गव्हाळ असेल तर मग बाजरीलाही गहूच म्हणायला हवं. पण मागे बाकावर बायका कान टवकारून बसल्या होत्या, आणि त्यांच्या देखत गिऱ्हाइकाच्या रंगावर बोलायचं म्हणजे आपल्याच हाताने दुकानाचं शटर ओढायचं. तिने जेल पुढे पसरलं. धवलने फॉर्मवर 'गव्हाळ' लिहिलं, पुढे चारचा आकडा टाकला आणि मशीनवरही चार दाबलं.

सोनईत लेसर पहिल्यांदाच आलं होतं. घोडेगाव रस्त्यावरच्या आपल्या पार्लरबाहेर मोनिकाने पंधरा दिवस आधीपासून फलक लावला होता: चेहऱ्यावरचे नको असलेले केस घालवा, फक्त एक दिवस. मशीन भाड्याने मिळतं. सकाळी टेम्पोतून येतं, संध्याकाळी दुसऱ्या तालुक्याला जातं. फॉर्मच्या तळाशी कुणा डॉक्टरची सही छापलेली होती. डॉक्टर स्वतः मात्र टेम्पोतून उतरला नव्हता. मोनिकाने तेव्हाच टेम्पोत दोनदा डोकावून पाहिलं होतं. पण बाक भरलेला, चहा ठेवलेला, आता काय बोलणार?

मशीनबरोबर एक कार्ड होतं. दुधापासून कोळशापर्यंत सहा चौकोन, एक ते सहा आकडे. सकाळी पहिल्यांदा हायस्कूलच्या यामिनी जोशीबाई बसल्या. बाई घाऱ्या-गोऱ्या, दहा मिनिटांत मोकळ्या. त्या वेळी धवलने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "लेसर काळा रंग पकडतो. केसाच्या मुळाशी काळं सापडलं की तिथे उष्णता सोडतो. आता केसाचं काळं कुठलं आणि कातडीचं कुठलं, हे त्या बिचाऱ्याला कळत नाही. म्हणून रंग खरा सांगायचा. नाहीतर केसाऐवजी कातडी भाजेल."

एवढं ऐकूनही त्यांच्यामागून बसलेली प्रत्येक बाई गव्हाळच निघाली. यात त्यांचा तरी काय दोष? लग्नाच्या बायोडाटात एकदा आईबापांनी गव्हाळ लिहिलं की बाई जन्मभर गव्हाळ. सासरचे कुजबुजतात, पण कागद बदलत नाही. मोनिकाच्या स्वतःच्या बायोडाटात 'उजळ गव्हाळ' होतं. ती नवऱ्यासमोर आली तेव्हा सासूने ट्यूबलाइट लावायला सांगितली होती.

आणि बारा वर्षं तिने धंदा तरी कशावर केला? गिऱ्हाइकाला फाउंडेशन द्यायचं ते नेहमी एक छटा उजळ. "तुम्हाला हेच शोभतं बघा." गावातल्या कुठल्या बाईचा रंग नेमका कोणता, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तिच्याइतकं सफाईने कुणी लपवतही नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

मशीन टिक्‌टिक्‌ करू लागलं. मनवाने खुर्चीचे हात घट्ट धरले. केस जळल्याचा वास आला; तो येणारच, असं धवल म्हणाला होता. पण मोनिकाने जेल पुसलं तर मनवाच्या जबड्याच्या कडेला नखाएवढे राखाडी चौकोन उठलेले, ओळीने, कुणी शिक्के मारावेत तसे.

"लई चरचरतंय, मोनिकाताई."

"नॉर्मल आहे. बर्फ लावा," धवल म्हणाला.

मोनिकाने रुमालात बर्फ बांधून मनवाच्या हातात दिला आणि ती धवलच्या कानाशी वाकली. "अरे, आधी कानामागे थोडंसं करून बघायचं, दोन दिवस थांबायचं, असं काही असतं ना?"

"असतं ना. पण मशीन संध्याकाळी जातं, मॅडम. दोन दिवस कुठून आणू?" तो हसला. "पुढच्या कोण?"

पुढच्या सीमाताई होत्या.

सीमाताई नेवासा डेपोत कंडक्टर. बारा वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. हनुवटीवर दाट, राठ केस. पहिल्या गाडीची ड्युटी असली तरी रोज आधी आरशासमोर चिमटा घेऊन बसायच्या. एकदा गर्दीत मागून कुणीतरी "ओ कंडक्टरसाहेब" म्हणून हाक मारली, त्या वळल्या, आणि तो माणूस तोंडाकडे बघून "चुकलं नाही की माझं" म्हणाला. आख्खी गाडी हसली. हे त्यांनी फक्त मोनिकाला सांगितलं होतं, इथेच, दार लावून. आज त्यांनी रजा टाकली होती. नवी साडी नेसून आल्या होत्या. मोनिकाने त्यांच्या हनुवटीवरही जेल पसरलं.

"रंग?"

"गव्हाळ," सीमाताई म्हणाल्या. 'पुढं सरका' म्हणावं तितक्या सहज.

मोनिकाने टॉवेलची घडी घातली. मोडली. परत घातली. लाइट तरी जावी! रोज जाते मेली, आज मात्र डोळे वटारून बसली होती. तिने जेलची बाटली उचलली, ती रिकामी असल्यासारखी उगाच हलवून पाहिली, खाली ठेवली. पलीकडे मनवा बर्फ दाबून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सीमाताई तर मनवाहूनही गडद, त्यात मार्चचं ऊन दिवसभर खिडकीतून खाल्लेलं. हनुवटीभर केस, म्हणजे हनुवटीभर चौकोन.

धवलने चार दाबायला बोट पुढे केलं.

"सहा लिही," मोनिका म्हणाली.

"काय?"

"सीमाताईंचं सहा लिही."

सीमाताईंनी जेल लावलेली हनुवटी वर करून कार्ड ओढून घेतलं. त्यांचं बोट एकेका चौकोनावरून सरकत शेवटच्यावर जाऊन थांबलं. बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मोनिके, मी काळी हाय म्हनतीस व्हय?"

"ताई, भाजंल हो. मनवाकडं बघा जरा."

"मी काय इचारलं?"

बारा वर्षं जो शब्द तिने या चार भिंतींत येऊ दिला नव्हता, तो तिलाच काढायची वेळ आली होती.

"व्हय, ताई. काळ्या हाय तुमी."

सीमाताई उठल्या. नव्या साडीच्या पदरानेच त्यांनी हनुवटीवरचं जेल पुसलं. "बारा वर्सं गव्हाळ हुते," त्या म्हणाल्या, "आन् आज चार बायांत सहा झाले." चप्पल पायात अर्धीमुर्धी अडकवून त्या गेल्या. त्यांच्यामागे बाकावरच्या दोघी उठल्या.

"बरं झालं एका अर्थी," धवल फॉर्म फाडत म्हणाला. "सहाला हे मशीन चालतच नाही. वेगळं लागतं. ते मोठ्या डॉक्टरकडे असतं."

"आणि मी बोलले नसते तर? चारवर केलं असतंस?"

"त्यांनीच सांगितलं ना, गव्हाळ म्हणून."

मोनिकाला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण वाजवायची तर आधी स्वतःच्या वाजवायला हवी होती. मशीन बोलावलं कुणी? मनवाच्या वेळी जीभ टाळ्याला चिकटवून बसलं कोण? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"तुझं ते मशीन उचल," ती म्हणाली. "आत्ता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मनवा ओढणीने तोंड बांधून दारात उभी राहिली. ओढणी सोडली तर राखाडी चौकोनांवर फोड धरले होते, कडा काळ्याठिक्कर पडल्या होत्या.

"डाग राहतील का हो?"

काय सांगणार? मोनिकाने शटर ओढलं आणि तिला घेऊन थेट स्टँड गाठला. नगरला त्वचेचे एक मोठे डॉक्टर होते, त्यांच्याकडे तिने रात्रीच फोन करून नंबर लावला होता. नगरची गाडी लागलेलीच होती. दोघी चढल्या, खिडकीशी जागा मिळाली, आणि मग मोनिकाला मागून तिकिटाच्या मशीनचा करकर आवाज आला. वळून बघायची गरजच नव्हती.

सीमाताई एकेक बाक करत जवळ येत होत्या. मोनिकाला वाटलं, उतरावं. पण गाडी सुटली होती.

"दोन नगर. बायकांची अर्धी," ती खाली बघत म्हणाली. "ताई, काल..."

"सुट्टे हायेत का?"

मोनिकाने सुट्टे दिले. तिकिटं देता देता सीमाताईंची नजर मनवाकडे गेली. वाऱ्याने ओढणी सरकली होती. त्या बघत राहिल्या. जबड्याच्या या टोकापासून हनुवटीपर्यंत, एकेक फोड. हातातलं तिकीट हातातच राहिलं.

मग त्या पलीकडच्या बाकावरच्या माणसाकडे वळल्या. "ओ पावनं, उठा. हिकडं बसा तुमी. त्या पोरीच्या तोंडावर ऊन येतंय."

"माझं रिझर्वेशन..."

"लाल डब्याला कसलं आलंय रिझर्वेशन? उठा म्हनते ना!"

तो उठला. मनवा सावलीला बसली, मोनिका तिच्या शेजारी. सीमाताई पुढे गेल्या, ड्रायव्हरशी काही बोलल्या, मागे आल्या, परत पुढे गेल्या. घोडेगावला माणसं उतरली, नवी चढली. त्यांची तिकिटं फाडून झाल्यावर त्या मोनिकाच्या बाकाशी येऊन दांडी धरून उभ्या राहिल्या. बघत मात्र बाहेरच होत्या.

"नगरला डॉक्टरकडंच चाललाय न्हवं? त्याच्याकडं ते दुसरं मशीन असतंय म्हनं. कालच्या बाया सांगत हुत्या."

"असतंय, ताई. म्हणजे असावं."

"मग इचार त्याला." सीमाताईंचा आवाज कंडक्टरचा होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा. "म्हनावं, एक काळी बाई हाय. लई काळी. दिसभर उन्हात असती. तिच्या हनुवटीचे केस जात्यात का?"

दोन-चार माना वळल्या. त्या माना परत सरळ होईपर्यंत सीमाताई त्यांच्याकडे एकटक बघत राहिल्या.

मोनिकाने मान हलवली. 

"आन् गव्हाळ-बिव्हाळ सांगू नको," त्या म्हणाल्या, आणि दांडी सोडून पुढच्या बाकावर चढलेल्या म्हातारीकडे वळल्या. "कुटं जायचं, मावशी?"