आवाज गेलेला मिक्सर

आमचा मिक्सर सुरू झाला की आळीतले कावळे उडायचे. मी घरामागच्या वाडीच्या पार टोकाला, पानवेलींत असलो तरी तो खडखडाट ऐकू यायचा. सुलूने कालवणाचं वाटण लावलं, आता हातपाय धुऊन जेवायला निघायचं, हे मला त्यावरून कळायचं.

हाक मारायची सोय नव्हती. सुलू माझं नाव घेत नाही, आणि नुसतं ‘अवो’ म्हटलं की आमच्या केळवे गावातले चार म्हातारे उठून उभे राहतात. मोबाइल दोनदा पाटाच्या पाण्यात बुडाला, तेव्हापासून तो घरीच असतो. त्यात सुलूला मधुमेह. गोळी घेते, पण मी आल्याशिवाय घास घेत नाही. मला उशीर झाला की तिला घाम फुटतो, हात कापतात.

एके दिवशी मिक्सरमधून धूर निघाला. आमचा प्रीतम बोईसरला कारखान्यात जातो. तो म्हणाला, “बाबा, टाका आता तो. मी नवीन आणतो. एवढा शांत, की चालू हाय का बंद ते हात लावून बघायचं!”

“मग नकोच,” मी म्हणालो.

“का पण?”

सुलू पदराआड हसत होती. मुलाला काय सांगणार? “याची भांडी चांगली हायत,” म्हणालो आणि मिक्सर पिशवीत घालून पालघर गाठलं.

रिपेरीच्या दुकानातल्या दर्पणने तो उघडला. “काका, आतलं सगळं झिजलंय. नव्यासारखा करून देतो.”

आणि खरंच तसा करून दिला.

दुसऱ्या दिवशी मी वाडीत कान देऊन बसलो. सुपाऱ्यांच्या सावल्या कलल्या, पोटात कावळे ओरडू लागले, पण मिक्सर काही बोलेना. शेवटी तसाच घरी आलो. सुलू घामाघूम होऊन, भिंतीला टेकून साखर चघळत होती.

“वाटण नाय केलं?” मी विचारलं.

“कवाच केलं! तुमी कुठं होता?”

मी बटण दाबलं. मिक्सर मांजरासारखा घुरघुरला.

पुन्हा पालघर. “दर्पण, याचा आवाज परत घाल.”

दर्पण हसतच सुटला. “काका, लोक आवाज घालवायला येतात! आतला तो झिजलेला बुश परत बसवला तर मोटर जळेल.”

रात्री प्रीतम म्हणाला, “बघा, नवीनच घ्यायला पायजे होता.”

“गप रे,” सुलू म्हणाली. “नवा काय नि जुना काय, दोघं मुकेच. मी बघते काय करायचं ते.”

दुसऱ्या दिवशी मी वेलींना पाणी देत होतो. अचानक घराकडून असा दणदणाट झाला, की हातातली बादली सुटली. पळतच आलो. ओट्यावर लोखंडी परात उपडी, तिच्यावर मिक्सर, आणि सुलू वरून झाकण दाबून उभी. परात ओट्यावर थडथड नाचत होती.

कुंपणापलीकडून बळवंत ओरडला, “नामदेवा, अरे तो मिक्सर रिपेर कर रे!”

“रिपेर करूनच असा झालाय!” मी म्हणालो.

सुलूने मिक्सर बंद केला. “बोलत काय बसलाव? भूक लागलीय मला,” म्हणाली आणि दोन ताटं काढली.