धडधडाटातली बोलणी

मी गावची सूतगिरणी बोलतेय. जरा मोठ्यानंच बोलते, सवय आहे. वय विचारू नका. छप्पर दोनदा बदललंय आणि कंबर पहिल्यापासूनच रुंद आहे, एवढं पुरे.

मला थोरल्या मालकांनी बांधलं. ते कापसाचे व्यापारी. गावचा कापूस परगावी धाडून कंटाळले आणि म्हणाले, सूत आता इथंच काढायचं. बायको म्हणाली, आधी घरचं न्हाणीघर नीट करा. न्हाणीघर तसंच राहिलं, मी उभी राहिले. मालकीणबाई मला सवतच म्हणायच्या. माझ्या पहिल्या सुताच्या चादरीला मात्र त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नाही.

सूत कातणाऱ्या माझ्या चात्या फिरायला लागल्या की शेजारणीचंही ऐकू येत नाही. म्हणून इथल्या बायका आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात. या टोकाला उभी असलेली त्या टोकाच्या बाईच्या सुनेबद्दलच्या तक्रारी आरामात समजून घेते. मालकांच्या घरालाही हीच खोड लागली. थोरल्यांमागून धाकटे मालक आले. ते आणि त्यांची बायको जेवताना मुक्यानंच भांडायचे. पाहुण्यांना वाटायचं, काय शांत घर आहे.

पुढे धाकटे मालकही थकले. माझी दुखणी काही संपेनात. शेवटी मला विकायचं ठरलं. शहरातून दोन भाऊ घ्यायला आले. गिरणी अशीच चालू ठेवू, कुणाला घरी बसवणार नाही, असा शब्द त्यांनी दिला. सहीआधी एकदा आतून बघतो म्हणाले.

आत एवढा आवाज, आपलं कोण ऐकतंय, म्हणून एक भाऊ दुसऱ्याला बिनधास्त म्हणाला, "म्हातारीला महिन्याभरात भंगारात काढू. आपल्याला जागेशी मतलब."

भंगार म्हणाला त्याचं एवढं नाही. म्हातारी म्हणाला, ते लागलं.

रांगेतल्या सगळ्या बायकांनी ते त्याच्या ओठांवरून वाचलं. पलीकडे उभ्या असलेल्या मालकांच्या लेकीनंही वाचलं. ती कापसाच्या गाठींवर खेळत मोठी झालेली, बोलायलाही इथंच शिकली. तिनं तिथूनच, पाहुण्यांमागे उभ्या बापाकडे बघून ओठ हलवले, "बाबा, सही करू नका."

"दमलोय गं मी."

"मग तुम्ही घरी बसा. मी बघते."

"एकटीला झेपेल?"

उत्तर तिनं नाही, रांगेतल्या सगळ्यात जुन्या आक्कानं दिलं, "एकटी कशानं? आम्ही काय शोभेला आहोत?"

मी आणखी जोरात धडधडले. पाहुणे मधोमध उभे राहून कौतुकानं माना डोलवत होते. त्यांच्या नाकासमोर सौदा मोडला आणि त्यांना पत्ताच नाही. मालकांनी कागदाची घडी करून खिशात घातली, तेव्हा कुठे त्यांचे चेहरे उतरले.

आता लेक मालकीण आहे. छप्पर तिसऱ्यांदा बदलतेय, आणि न्हाणीघरही तिनंच नीट केलं एकदाचं. माझं सूत अजून गावाच्या नावानं ओळखलं जातं.

कधी आलात तर या बघायला. फक्त माझ्या वयाबद्दल काही कुजबुजू नका. इथं सगळ्यांना दिसतं.