आमसुली होडी

अब्बासनं ब्रशाच्या टोकानं होडीवर आणखी एक ठिपका दिला, चार पावलं मागं सरला आणि मान वाकडी करून बघत राहिला. दासगावच्या घराच्या अंगणात दोन ओंडक्यांवर ती होडी पालथी घातली होती. पोपटी, आसमानी, शेंदरी, राखाडी असे इतके ठिपके तिच्यावर झाले होते, की बिचारीला गोवर आलाय असं वाटावं.

ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या सलमानं मान वरही केली नाही.

"आज कंचा?"

"पिस्ता."

"कालचा बरा व्हता."

काल तिनं परवाचा बरा म्हटलं होतं. अब्बासनं गुपचूप चिंधी टर्पेंटाईनमध्ये बुडवली आणि पिस्ता पुसून टाकला.

माणूस उभी हयात गल्फात जहाजं रंगवून आलेला. पाच मजली इमारतीएवढ्या जहाजाच्या अंगाला फळी बांधून लोंबकळायचं आणि मुकादम सांगेल तो डबा उघडायचा. खाली लाल, वर राखाडी. अब्बास, तुला कुठला रंग आवडतो, असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. कायमचा घरी आल्यावर त्यानं बंदरावरच्या दत्तारामकडून ही जुनी, दोन माणसांपुरती होडी घेतली, घासूनपुसून लखलखीत केली, भेगा बुजवल्या. आणि रंग निवडायची वेळ आली तसा गडी पुरता गांगरला.

हौस म्हणावी तर साधीच होती. सलमाचं माहेर खाडीपलीकडं. तिच्या भावाच्या मुलीचं, रिम्शाचं लग्न आठवड्यावर आलेलं. सडकेनं जायचं तर महाडवरून केवढा वळसा. होडीनं गेलं तर भरतीच्या पाण्यावर घटकाभरात पलीकडं. सलमाला समोर बसवून आपल्या हातानं वल्हवत माहेरी न्यायचं, हे त्याच्या मनानं घेतलं होतं. इतक्या वर्षांत घरच्या एकाही लग्नाला तो तिच्यासोबत नव्हता. हे कुठं आहेत म्हणून कुणी विचारलं, की ती हसून ‘गल्फात’ सांगायची आणि वाढायला उठायची. हे तिनं नाही, तिच्या भावजयीनं त्याला सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ते त्याच्या जिवाला लागून राहिलं होतं.

पण बाई ऐकेल तर शपथ. रोज सकाळपासून नवरा होडीच्या अंगाशी, म्हणून तिनं होडीचं नावच सवत ठेवलं होतं. सवतीला तुम्ही खुशाल नटवा, मी रिक्षानं जाते, असं तिनं साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा बेतानं सांगून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी अब्बास ब्रश टाकून ओटीच्या पायरीवर येऊन बसला.

"मला काय जमत नाय गो. तू सांग. तू म्हणशील तो देतो."

सलमाचा सुपातला हात थांबला. एवढा सरळ प्रश्न तिला अपेक्षित नसावा.

"माजा रंग दिलात तर बसेन," ती म्हणाली. "आमसुली द्या."

दुसऱ्या दिवशी सलमा लग्नाच्या शिवणाटिपणाला माहेरी गेली आणि अब्बासनं महाडची एस.टी. पकडली. बाजारपेठेतल्या जितेशच्या रंगाच्या दुकानात त्यानं आमसुली मागितला. जितेशनं शेड कार्ड उलटसुलट चाळलं. त्यात आमसुली नव्हता. पण जितेश हार मानणाऱ्यातला नव्हे. तो शेजारच्या किराणावाल्याकडं गेला आणि पोलादपूरकडून आलेल्या पोत्यातलं एक आमसूल उचलून घेऊन आला. मग मरूनमध्ये काळा, काळ्यात थेंबभर निळा असं करत दोघांनी बराच वेळ काडी फिरवली. आमसूल डब्याशेजारी धरून पाहिलं.

"डिट्टो, काका," जितेश म्हणाला.

अब्बासनं ते आमसूल खिशात टाकलं आणि वाटभर शीळ घालत आला. सलमा परत यायच्या आत दोन हात मारून झाले. एक ओघळ नाही, ब्रशाचा एक केस अडकलेला नाही. एवढं जीव लावून त्यानं कुठलंही जहाज रंगवलं नव्हतं.

सलमा रिक्षातून उतरली आणि फाटकातच थबकली.

"ह्ये काय?"

"आमसुली."

"ह्यो आमसुली? ह्यो तर डांबरी झाला."

अब्बासचं तोंड एवढंसं झालं. त्यानं खिशातलं आमसूल काढून तिच्यापुढं धरलं. सुकून काळंठिक्कर पडलेलं, होडीसारखंच. सलमानं ते त्याच्या हातातून घेतलं आणि ती तडक घरात गेली. झालं, बसली आता ही रिक्षात, असं म्हणून अब्बास ओंडक्यावर टेकला. लग्न दोन दिवसांवर आलं होतं.

ती बाहेर आली ती वाटीभर पाणी घेऊन. वाटी दोघांच्या मध्ये ठेवून तिनं ते आमसूल पाण्यात सोडलं.

"बघा आता."

बराच वेळ काही झालं नाही. मग आमसुलाच्या कडेनं एक लाल दोरा सुटला, मग दुसरा, आणि हळूहळू सगळी वाटी लालभडक झाली.

"ह्यो आमसुली," सलमा म्हणाली. मग तिनं विचारलं, "मी आमसुलं धाडायची ती काय करायचात तिकडं?"

"तोंडात टाकायचा. उन्हात फळीवर लटकलं की घसा सुकायचा."

"तशीच? कोरडी?"

"कोरडीच. पाणी कोन वर आनून देनार?"

सलमा उगीचच वाटीतलं पाणी बोटानं ढवळत राहिली. वातावरण फार जड व्हायला लागलं तसा तो उठला आणि सगळा रंग खरवडून काढतो म्हणाला.

"खरवडू नका," सलमा म्हणाली. "पान्याखाली जाईल तेवढा ऱ्हाऊ दे तुमचा. वरचा माजा."

अब्बासनं कपाळावर हात मारला. खाली एक, वर एक. जन्मभर हेच केलं आणि घरच्या होडीला ते सुचू नये! लाल पाणी बाटलीत भरून तो पुन्हा महाडला गेला. बाटली बघून जितेश आधी हसला आणि मग डोकं खाजवत कामाला लागला. होडीभोवती सुतळी ताणून अब्बासनं रेघ आखली, आणि रेघेच्या वर होडी अशी काही लाल झाली, की बंदरावरून दत्ताराम मुद्दाम बघायला आला.

लग्नाच्या सकाळी भरती लागली तशी दोघांनी होडी पाण्यात सोडली. गारठ्यामुळं वरची कड अजून नीट सुकली नव्हती.

"कडेला हात लावू नको. वली हाय."

सलमानं मान डोलवली, नवी साडी सावरली आणि होडीत बसली. अब्बासला एवढा आनंद झाला की पहिली चार वल्ही हवेतच गेली. मध्यावर आल्यावर वाळूची मोठी बोट शेजारून गेली. लाट आली, होडी डुचमळली, आणि सलमानं दोन्ही हातांनी कड गच्च धरली. ती पलीकडचा काठ येईपर्यंत सोडली नाही.

उतरल्यावर अब्बासनं तिचे तळवे पाहिले आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणाकडून तरी रॉकेल मागून आणतो, तू इथंच थांब, असं तो सांगत होता तोवर ती घराकडं चालूही लागली होती.

आतल्या खोलीत नवरीभोवती बायकांचा घोळका बसला होता. अब्बास आहेराची पिशवी द्यायला उंबऱ्याशी थांबला. एका म्हाताऱ्या मावशीनं सलमाचा हात धरला, तळवा डोळ्यांजवळ नेला.

"बरीच रंगली गो तुजी मेंदी. कोनी लावली?"

"घोवानं," सलमा म्हणाली, आणि तिनं दुसराही हात पुढं केला.